उलटीचा रंग

४ जानेवारी

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मिळालं आणि पाकिटात मावेल तेवढा रागही मिळाला. महिनाभर लिहिलं नाही हे कबूल. पण रंगखान्यात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. एकाच गिऱ्हाइकाची भलीमोठी मागणी आली आहे आणि त्याला सगळं सूत तांबडं हवंय. लडीमागून लडी, नुसती तांबडी. हिरव्या-निळ्याची पिंपं कधीची बंद आहेत. त्यांच्या झाकणांवर आम्ही डबे मांडून जेवतो. माझे हात कोपरापर्यंत असे झालेत, की घरी गेलो की बायको म्हणते, कुणाला कापून आलात?

आता तुझ्या भाचीबद्दल. आम्ही तिला लडी म्हणतो. जन्मली तेव्हा दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली, ती अगदी पिळून ठेवलेल्या सुताच्या लडीसारखी दिसली. आता पाच महिन्यांची आहे. हसते, माझ्या मिशा ओढते आणि दूध प्यायली की निम्मं माझ्या खांद्यावर काढते. तेही कधीकधी रंगीत! काल लाळेरं हिरवंगार करून ठेवलं. तिची आई घाबरली. मी म्हटलं, अगं, लाळेरं नमुन्याच्या तुकड्यांचं शिवलंय, पोरगी दिवसभर ते चोखत बसते, मग काय पांढरं ओकणार? शेजारची म्हातारी तर खो खो हसली. आमच्या आळीतली सगळीच पोरं रंगीत ओकतात म्हणाली.

दाजींचं कमरेचं हाड जुळतंय का? त्यांना म्हणावं, खाटेवरून हुकूम सोडायची सवय लावून घेऊ नका.

नेहमीप्रमाणे नमुन्याचा तुकडा सोबत जोडतो. या तांबड्याशी जुळणारा दोरा तुझ्या शिवणाच्या दुकानात नसेल, पैज लावतो. धुवून बघ, उकळून बघ. तुझ्या भावाचा रंग आहे, उतरायचा नाही.

तुझा,
भाऊ

८ जानेवारी

चि. भाऊ,

अनेक आशीर्वाद. पैज हरलास. जुळणारं रीळ माझ्या फळीवर वर्षभर पडून होतं, त्यावरची धूळ झटकली इतकंच. तुकडा भिजवला, चोळला, सोडा लावला. नाही उतरला. बाबा असते तर त्यांनी खिडकीशी धरून तो दोन्ही बाजूंनी बघितला असता आणि काही न बोलता खिशात घातला असता. म्हणजे पास.

लडीचं वाचून हसू आवरेना. लहानपणी तू आईचा पदर चघळून निळं ओकायचास. आई म्हणायची, हा जन्मतःच शिकाऊ कामगार आहे. तेव्हा तुझ्या बायकोला सांग, रंगाऱ्याचं पोर आहे, घाबरू नको. फक्त दूध पाजल्यावर लगेच आडवं करू नका. वजन वाढतंय ना? ते तू लिहिलं नाहीस.

हे अजून खाटेवरच आहेत. उठवायला, बसवायला मीच. नाहीतर केव्हाच भाचीला बघायला आले असते. दुकान आणि हे, दोन्हीकडे माझी धावपळ चाललीय. तिचे गालगुच्चे माझ्या वतीने घे.

अक्का

१९ जानेवारी

ती. अक्कांना सा. न.

मी पहिल्यांदाच तुम्हाला वेगळं पत्र लिहितेय. ह्यांना माहीत नाही. कृपा करून कळूही देऊ नका.

तुम्ही लिहिलंत, घाबरू नको. ह्यांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. बघ, अक्कासुद्धा तेच म्हणते! तुमचा शब्द म्हणजे ह्यांना काळ्या दगडावरची रेघ. मग मी गप्प बसले. पण अक्का, मी रंगाऱ्याच्या घरातली नाही. माझ्या माहेरी कुणाचं मूल हिरवं ओकलेलं मी पाहिलेलं नाही.

ते रंगीत लाळेरं मी केव्हाच काढून टाकलं. माहेरून आणलेलं कोरं पांढरं धोतर फाडून त्याची फडकी केली. त्यांवरही हिरवं पडलं. ह्यांना दाखवलं, तर म्हणाले, आपले हात, आपले कपडे, आळीतली वाफसुद्धा रंगाची आहे, कुठून तरी लागतंच. पोरगी मधूनच किंचाळते, पाय पोटाशी ओढून घेते, पोट कडक होतं. मग हिरवी उलटी होते आणि हळूहळू शांत पडते. त्यानंतर एखादा दिवस इतकी छान खेळते, की मलाच वाटतं मी वेडी आहे. वजन वाढलेलं नाही. बोटांची अंगठी केली तर तिचा दंड तीत मावतो. हे ह्यांनी तुम्हाला लिहिलं नसणार.

रंगखान्याशेजारी डॉक्टर बसतात. मागच्या आठवड्यात कामावरून आल्यावर हे तिला त्यांच्याकडे घेऊन गेले होते. मी घरी होते. डॉक्टरांनी विचारलं, उलटीचा रंग कोणता? हे म्हणाले, पांढरा, दुधाचा. अक्का, ते खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच वाटतं, की हिरवं ते आपल्या रंगाचं आहे आणि पांढरं तेवढंच पोरीचं. डॉक्टर म्हणाले, मग अंगावरच्या पोरांचं चालायचंच. हे हसत घरी आले. मी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गेले. डॉक्टर परगावी गेले होते. कंपाउंडर आमच्याच आळीतला. मी हिरवं म्हणताच तो म्हणाला, वहिनी, तुमचा नवरा कुठे काम करतो? बाकावर बसलेल्या बायकाही हसल्या. लडी माझ्या मांडीवर टुकूटुकू बघत होती, जणू तिला काही झालंच नव्हतं.

सोबत त्या पांढऱ्या फडक्याचा एक तुकडा पाठवतेय. तुम्ही रंगाऱ्याच्या लेक आहात, तुम्हाला कळेल. हा जर रंग असेल तर तसं लिहा, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि नसेल तर तुम्हीच ह्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत. मला आता तिला मांडीवर घ्यायचीही भीती वाटते. पुन्हा किंचाळेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत बसते.

तुमची भावजय

तार

२३ जानेवारी

तो रंग नाही पित्त आहे. लडीला आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात ने. उलटी हिरवी आहे हेच सांग. थांबू नको. अक्का

२३ जानेवारी

भाऊ,

तार मिळाली असेल आणि तू इस्पितळात असशील असं धरून लिहितेय. घरी बसून हे वाचत असशील तर पत्र टाक आणि पोरीला उचल.

तुझ्या बायकोने मला लिहिलं. तिच्यावर ओरडलास तर माझ्याशी गाठ आहे.

तिने पाठवलेला तुकडा आज सकाळी उघडला. बाबांसारखा खिडकीशी धरला. सुताने रंग प्यायला असता तर मागची बाजूही तशीच दिसली असती. हा वरच्या वर सुकून बसलाय, नखाने खरवडला तर भुकटी होते. तरी मी स्वतःची समजूत घालत होते, कच्चा रंग असेल. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. तूच लिहिलं होतंस ना, की हिरव्याची पिंपं बंद आहेत, त्यांच्या झाकणांवर जेवता? तुझे हात तांबडे, आळी तांबडी, वाफ तांबडी. अरे मग हिरवा आला कुठून? एवढी साधी गोष्ट तुला दिसली नाही आणि मलाही नाही. मी तर वर विनोद केला.

तेवढ्यात इस्पितळातली एक नर्सबाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या. मी तुकडा दाखवून विचारलं. अंगाला टाचण्या लावलेल्या, तशाच त्या वळल्या. केवढं मूल? म्हटलं, पाच महिन्यांचं. म्हणाल्या, तान्ह्या मुलाची उलटी हिरवी असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आतडं अडलंय असंच धरतात. काही मुलांची आतडी गर्भातच आपल्या जागी नीट बसत नाहीत. बाहेरून मूल धडधाकट दिसतं. मधूनमधून पीळ पडतो आणि आपोआप सुटतो, म्हणून एखादा दिवस छान जातो. पण एक पीळ असा पडतो की सुटत नाही. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, बाई, मला विचारू नका, आधी तार करा. टाचण्यांसकट त्या माझ्याबरोबर तार ऑफिसपर्यंत आल्या.

तुझ्याकडून कळेपर्यंत मी दुकान उघडणार नाही.

अक्का

२५ जानेवारी

अक्का,

इस्पितळाच्या व्हरांड्यातून लिहितोय. लडी जिवंत आहे. याहून जास्त मला कुणी सांगत नाही.

परवा दुपारी तार रंगखान्यात आली तेव्हा मी पिंपाशी होतो. सकाळीच तिचं पोट फुगलेलं होतं, ओठ सुकले होते, आणि किंचाळणारी पोरगी किंचाळत नव्हती. तिची आई रडत होती. मी म्हणालो, बघ, शांत झाली, संध्याकाळी डॉक्टरांना दाखवू. असं म्हणून कामावर आलो, अक्का. माझी पोर आतून मरत होती आणि मी ती शांत झाली म्हणालो.

तार वाचून तसाच घरी धावलो. बायको दारातच उभी होती, लडीला दुपट्यात गुंडाळून, चपला घालून. माझी वाट न बघता निघालीच होती. इस्पितळाच्या दारात शिपायाने मला धरलं. माझे तांबडे हात बघून त्याला वाटलं, मलाच लागलंय. मी ओरडलो, मला नाही, हिला! आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पहिला प्रश्न तोच विचारला. उलटीचा रंग कोणता?

मी म्हणालो, हिरवा. तिने विचारलं, कधीपासून? मी बायकोकडे वळलो. तिने सांगितलं, तीन आठवडे. डॉक्टरिणीने फक्त माझ्याकडे बघितलं आणि पोरीला घेऊन आत धावली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोठ्या सर्जननी नंतर समजावून सांगितलं. तुझ्या नर्सबाई म्हणाल्या तेच निघालं. आतडी लांब दांडीवर पसरून टांगलेल्या सुतासारखी असायला हवीत, हिची एकाच खुंटीला लटकली आहेत. जन्मापासून. मला वेगळं समजवावं लागलं नाही. दांडीवरची लडी पिळली जात नाही, खुंटीवरची गरगर फिरते, हे माझ्या हाताला माहीत आहे. आतड्याला पीळ पडला असं आपण किती सहज बोलून जातो. तो खरोखर पडतो, आणि पडला की पुढे रक्त जात नाही.

त्यांनी पोट उघडून पीळ सोडवला. आतडं काळं पडलेलं होतं. त्यावर कोमट पाण्यात भिजवलेली फडकी ठेवली आणि सगळे थांबले. रंग परत येतो का बघत. हे सांगताना सर्जन म्हणाले, तांबूस झालं तर जगलं, काळं राहिलं तर गेलं. काही भाग तांबूस झाला. काही मेलेलाच होता, तो कापला. मधला एक तुकडा धड काळा नाही, धड तांबडा नाही. तो कापला तर उरलेल्या आतड्यावर पोर जगणं कठीण. ठेवला आणि सडला, तरी तेच. म्हणून तसाच ठेवलाय. उद्या पोट पुन्हा उघडून बघणार आहेत.

महिनाभर मी तांबडा रंग बनवतोय, अक्का. पिंपंच्या पिंपं. आणि माझ्या पोरीच्या पोटात वीतभर तांबड्यासाठी मी इथे बसून भीक मागतोय. कुणाकडे मागायची तेही कळत नाही. बायको समोरच्या बाकावर बसली आहे. परवापासून माझ्याशी बोललेली नाही. बोलू नयेच.

भाऊ

२८ जानेवारी

भाऊ,

तुझं पत्र आत्ता वाचलं. सर्जन जे बघणार होते ते होऊनही गेलं असेल आणि मला अजून माहीत नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा लडी आहे की नाही हे न कळता लिहायचं, म्हणजे काय लिहायचं? तीनदा कागद फाडला.

एक सांगते. तू स्वतःला दोष देत बसशील. दे, पण माझ्या वाट्याचा मला ठेव. तू हसलास आणि मी त्या हसण्यावर शिक्का मारला. निळं ओकायचास म्हणून लिहिलं नसतं तर तुझ्या बायकोचं बोलणं तू कदाचित ऐकलं असतंस. आपल्याला वाटलं, रंगातलं आपल्याला कळतं. जिला रंगातलं काही कळत नव्हतं तिला तो दिसला.

तिच्यासमोर जाऊन बस. माफी मागू नको, त्याला आत्ता अर्थ नाही. नुसता बस. तिला पाणी आणून दे. ती खात नसेल तर तूही खाऊ नको, म्हणजे तुझ्यासाठी म्हणून दोन घास खाईल. बायका तशाच असतात.

हे खाटेवरून सारखे विचारतात, तार आली का? मला आता काठी दे, मी चालतो, तू जा, म्हणतात. उठू शकत नाहीत आणि रडतात. पैसे पाठवलेत, त्यावर काही बोलायचं नाही.

मला एक ओळ लिही. कसलीही असो, लिही.

अक्का

३० जानेवारी

अक्का,

मधला तुकडा जगला.

पोट दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा तो तांबूस झालेला होता. कडेचा थोडा कापावा लागला. उरलेलं आतडं इतर मुलांपेक्षा आखूड आहे, पण सर्जन म्हणाले, ती एवढ्यावर वाढू शकते. शकते म्हणाले, वाढेल म्हणाले नाहीत. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तरी तोच शब्द.

आता वेगळीच टांगणी आहे. तिच्या नाकातून पोटात नळी घातली आहे आणि नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. आतडं चालू होईपर्यंत पोटात साठेल ते तिथून बाहेर येतं. हिरवंच येतं. नर्स सांगते, आतडं कामाला लागलं की हा रंग फिका होत जाईल आणि मग पाण्यासारखा होईल. तोपर्यंत दुधाचा थेंबही नाही. पोर भुकेने मूठ चोखते. रडली की टाके ताणतात म्हणून तिची आई तिच्या कानाशी सतत गुणगुणत असते. तिचा घसा बसला आहे.

आणि मी बाटलीकडे बघत बसतो. अक्का, मी आयुष्यभर एकच नवस बोललो आहे, रंग उतरू नये. बाबांनी तेच शिकवलं. इथे मी जमिनीवर बसून बाटलीला म्हणतो, उतर. काल वाटलं फिका झाला. खिडकीचा पडदा सरकवून बघितला तर तसाच होता, उजेडच बदलला होता. आज सकाळी तर जास्तच गडद दिसला. मी पळत जाऊन नर्सला घेऊन आलो. ती म्हणाली, होतं असं, धीर धरा. कुठून आणू?

तू सांगितलंस तसा बायकोसमोर जाऊन बसलो. तिने माझे हात बघितले आणि म्हणाली, घासून या, त्या हातांनी तिला लावू नका. मी साबणाने, दगडाने घासले. तांबडा जात नाही. मीच पक्का केलाय. शेवटी तिने फडक्यात गुंडाळले माझे हात, तेव्हा कुठे मी लडीच्या पावलाला बोट लावलं.

ती वाचली नाही तर मी रंगखान्यात परत जाणार नाही. हे रागाने लिहीत नाही. मला तो वास सहन व्हायचा नाही.

भाऊ

१६ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न.

पत्राला उशीर झाला. ह्यांनी पत्र लिहायला बऱ्याचदा घेतलं आणि ठेवून दिलं. म्हणतात, लिहिलं आणि उलटं झालं तर? म्हणून मीच लिहितेय.

बाटलीतला रंग गेला. एकदम नाही गेला. हिरव्याचा पिवळट झाला, मग गढूळ, आणि एका सकाळी नर्सबाईंनी बाटली उचलून ह्यांच्यापुढे धरली. हे बघतच राहिले. त्यांनी ती खिडकीशी नेली, फिरवली, पुन्हा बघितली. मला म्हणाले, तू बघ. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. मी बघितलं आणि म्हटलं, पाणी आहे. किती दिवसांनी मी ह्यांच्याशी धड बोलले असेन. दोघंही मग रडलो. नर्सबाई ओरडल्या, पेशंट झोपलाय.

पुढे थेंब थेंब दूध. मग चमचा. मग लडीने दुपटं शीने भरवलं, तर त्या वासाने वॉर्डातल्या सगळ्या आया खूश झाल्या. तुम्ही हसाल, पण आम्ही दोघांनी ते दुपटं सर्जन येईपर्यंत टाकूच दिलं नाही.

परवा घरी आलो. भीती संपलेली नाही. दर महिन्याला वजनाला न्यायचं आहे. आत जखमा भरताना आतडं पुन्हा अडू शकतं, तेव्हा हिरवं दिसलं की धावत या, असं बजावलंय. ह्यांनी आळीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, पोर हिरवं ओकलं तर हसू नका, आधी इस्पितळ गाठा. त्या कंपाउंडरलाही जाऊन सांगितलं. हात अजून तांबडेच होते, तरी कुणी हसलं नाही. कामावर जाऊ लागलेत. घरात मात्र रंगाचं सूतही आणत नाहीत. लडीची सगळी फडकी पांढरी, आणि प्रत्येक फडकं धुवायच्या आधी दारात जाऊन उजेडात धरायचं. मी टोकत नाही.

तुम्ही दोन्ही वेळा तुकडा नीट बघितलात, म्हणून हा तिसराही पाठवते. काल पोटभर दूध प्यायल्यावर लडीने खांद्यावर थोडं काढलं, तेव्हा तिच्या हनुवटीखाली हेच फडकं होतं. त्याचा कोपरा कापून पाकिटात घालत होते, तेव्हा हे म्हणाले, त्यात अक्काने काय बघायचं? कोरा तर आहे.

मी म्हटलं, तेच बघू दे त्यांना.

तुमची भावजय